बाथ शहराभोवतीचे धावण्याचे मार्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील बाथ हे एव्हन नदीच्या वळणात, उष्णोदकाच्या झऱ्यांभोवती वसलेले शहर आहे. येथे सुट्टीसाठी येणारे, शिक्षणासाठी वर्षभर राहणारे आणि येथील हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे वाचक धावण्याच्या मार्गांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे खाली एकत्र दिली आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी बाथमध्ये पहिल्यांदाच धावणार आहे. मार्ग निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

अंतर नव्हे, चढ पाहावा. शहराचा मध्यभाग समुद्रसपाटीपासून वीस-पंचवीस मीटर उंचीवर आहे, आणि उत्तरेकडील लॅन्सडाउनचे पठार २३० मीटरांहून उंच आहे. त्यामुळे शहरातून कोणत्याही दिशेने डांबरी रस्त्याने बाहेर पडू पाहणाऱ्याला बहुधा पहिल्या दोन किलोमीटरांतच दमछाक करणारा चढ लागतो. सपाट वाटा आहेत, परंतु त्या निसर्गाने दिलेल्या नाहीत. नावा चढ चढू शकत नाहीत आणि आगगाड्यांना तीव्र चढ झेपत नाही म्हणून अभियंत्यांनी डोंगर कापून, भराव घालून, पूल बांधून त्या तयार केल्या. केनेट अँड एव्हन कालव्याचा काठ आणि बंद पडलेल्या दोन लोहमार्गांच्या वाटा एवढेच येथील खरे सपाट मार्ग होत. बाकी सारे टेकड्यांचे राज्य आहे. कालव्यावर दहा किलोमीटर तासाभरात सहज धावणाऱ्याने टेकडीवरील दहा किलोमीटरांसाठी दीड तास हाताशी ठेवावा, असे माझे मत आहे.

२. मुक्काम एकाच दिवसाचा आहे. शहर पाहणे आणि धावणे दोन्ही साधेल असा छोटा मार्ग कोणता?

पल्टनी पुलापासून निघून पुन्हा तेथेच येणारी, साडेतीन किलोमीटरांच्या आसपासची फेरी मी डोळे मिटून सुचवीन. १७७४ मध्ये पूर्ण झालेल्या या पुलाच्या दोन्ही बाजूंना दुकाने असल्यामुळे तो ओलांडताना आपण नदीवर आहोत हे लक्षातही येत नाही. पुढे ग्रेट पल्टनी स्ट्रीट हा रुंद, सरळ आणि सपाट रस्ता सिडनी गार्डन्सपर्यंत नेतो. १७९५ मध्ये खुल्या झालेल्या या बागेतून कालवाही जातो आणि अभियंता ब्रुनेलने आखलेला लोहमार्गही जातो. कालव्यावर १८०० साल कोरलेले बिडाचे नाजूक पादचारी पूल आहेत. बागेतून कालव्याच्या काठावर उतरून उजवीकडे, म्हणजे शहराच्या दिशेने वळावे. मग जलद्वारांच्या (नावांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दारे असलेल्या पाणकोठ्यांच्या) उतरंडीवरून विडकम या भागापर्यंत खाली यावे आणि तेथून नदीच्या पूर्व काठाने, रग्बीच्या मैदानाला लागून असलेल्या वाटेने, पल्टनी पुलाखालच्या पायऱ्यांच्या बांधापाशी पोहोचावे.

ही फेरी उलट दिशेने धावली तर जलद्वारांचा चढ सुरुवातीलाच लागतो. तो फार मोठा नाही, पण शरीर तापण्याआधी तो घेण्यात शहाणपण नाही. नदीला पूर असताना ही फेरी टाळावी (प्रश्न ११ पाहा).

३. रॉयल क्रेसेंट आणि रॉयल व्हिक्टोरिया पार्कमध्ये धावता येते का?

येते. उद्यान सार्वजनिक असून १८३० मध्ये, पुढे राणी झालेल्या अकरा वर्षांच्या व्हिक्टोरियाच्या हस्ते खुले झाले. १७६७ ते १७७४ या काळात बांधलेली तीस घरांची अर्धचंद्राकार रांग, म्हणजे रॉयल क्रेसेंट, वरच्या अंगाला दिसत राहते. मात्र उद्यान उतारावर आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडा चढ घ्यावाच लागतो. लहान लहान चढांच्या सरावाला ते उत्तम आहे. निवांत धावण्यासाठी मी कालवाच निवडीन.

४. कालव्याकाठचा मार्ग कोठून सुरू होतो आणि तो किती लांब आहे?

रेल्वे स्थानकाच्या मागच्या बाजूने नदीवरील पादचारी पूल ओलांडला की विडकम येते आणि तेथेच कालवा नदीला मिळतो. एके काळी नावा ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, ती काठची वाट म्हणजे टोपाथ. आपण तिच्यावरूनच धावायचे. सुरुवातीला सहा जलद्वारे आहेत. त्यांतील ‘डीप लॉक’ जवळजवळ सहा मीटर खोल आहे. ते रिकामे असताना त्याच्या काठावर उभे राहून खाली डोकावले, तर शेवाळलेल्या दगडी भिंती आणि दारांच्या फटींतून झिरपणारे पाणी पाहून धाप आपोआप थांबते. एवढा चढ पार केला की पुढे ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत एकही जलद्वार नाही. सुमारे नऊ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर पाण्याची पातळी एकच राहते आणि तिच्यासोबत वाटही सपाट राहते.

बाथॅम्प्टन गाव सुमारे चार किलोमीटरांवर आहे. तेथून परत फिरले की आठ किलोमीटर होतात. डंडास जलसेतू नऊ किलोमीटरांच्या आसपास आहे. जॉन रेनी यांनी उभारलेला आणि १८०५ मध्ये पूर्ण झालेला हा तीन कमानींचा पूल संपूर्ण कालव्याला नदीच्या वरून पलीकडे नेतो. आपल्या पायांशी कालव्याचे पाणी, त्याच्याही खाली लोहमार्ग आणि नदी, असे दृश्य येथे दिसते. घाई नसेल तर वाटेत क्लॅव्हर्टनचे पंपघर पाहावे. नदीच्याच प्रवाहावर फिरणाऱ्या जलचक्राच्या जोरावर नदीचे पाणी वर कालव्यात चढवण्याची ही योजना १८१३ पासूनची आहे.

५. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत धावत जाऊन आगगाडीने परतता येईल का?

येईल, आणि लांब पल्ल्याच्या सरावासाठी याहून सोयीची व्यवस्था क्वचितच मिळते. खोऱ्यात कालवा, नदी आणि लोहमार्ग एकमेकांना लगटून जातात. फ्रेशफर्ड, एव्हनक्लिफ आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या तिन्ही ठिकाणी स्थानके असल्यामुळे थकव्याच्या मानाने मार्ग आखूड करता येतो. शेवटपर्यंत गेल्यास विडकमपासून साधारण सोळा किलोमीटर होतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एव्हनक्लिफ येथे गाडी विनंतीवरूनच थांबते, म्हणून फलाटावर चालकाला दिसेल असे उभे राहून हात करावा लागतो. तेथील फलाटही फार आखूड आहे. दुसरे असे, की एव्हनक्लिफच्या जलसेतूपाशी टोपाथ बाजू बदलतो आणि पलीकडे जाण्यासाठी जलसेतूच्या खालून जावे लागते. समोर दिसणाऱ्या वाटेने सरळ जाणारे येथेच चुकतात.

६. ब्रिस्टल-बाथ रेल्वे पाथ आणि कालव्याचा मार्ग यांत चांगला कोणता?

देखाव्यासाठी कालवा, गतीसाठी रेल्वे पाथ. जुन्या मिडलँड रेल्वेच्या बंद शाखेवर १९७९ ते १९८६ या काळात ही १३ मैलांची, म्हणजे २१ किलोमीटरांची वाट तयार झाली. ती संपूर्ण डांबरी आहे, पुरेशी रुंद आहे आणि एव्हन नदीला अनेकदा ओलांडत जाते. बिटन स्थानकाजवळ हौशी मंडळींनी जपलेली वाफेची इंजिने ठरावीक दिवशी अगदी वाटेला समांतर धावतात. स्टेपल हिल येथे ४७१ मीटरांचा बोगदा लागतो. बाथमधून नदीकाठच्या वाटेने पश्चिमेकडे न्यूब्रिजच्या दिशेने गेले की ही वाट सापडते, आणि ब्रिस्टलला पोहोचल्यावर आगगाडी पाव तासात परत आणते.

ब्रिस्टलच्या बाजूचा भाग नागरी वस्तीतून जातो व तेथे सायकलींची वर्दळ दाट असते. बाथ ते सॉल्टफर्ड किंवा बिटन आणि परत, एवढाच टप्पा घेणे मला अधिक पसंत आहे.

७. ‘टू टनल्स’ फेरी नेमकी काय आहे?

सॉमरसेट अँड डॉर्सेट हा लोहमार्ग १९६६ मध्ये बंद झाला. त्याचे दोन बोगदे एप्रिल २०१३ मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांसाठी उघडण्यात आले. पहिला डेव्हनशर बोगदा ४०९ मीटरांचा आणि दुसरा कूम डाउन बोगदा १,६७२ मीटरांचा आहे. बोगदे ओलांडून मिडफर्डला जायचे, तेथून मंक्टन कूमच्या बाजूने डंडास जलसेतू गाठायचा आणि कालव्याकाठाने बाथला परतायचे, अशी ही सुमारे १३ मैलांची फेरी आहे. अंतर जवळजवळ हाफ मॅरेथॉनएवढे असल्यामुळे स्पर्धेपूर्वीच्या लांब सरावासाठी ती लोकप्रिय आहे.

दिशा निवडायची मोकळीक असेल तर बोगदे आधी घ्यावेत. बाथकडून कूम डाउन बोगद्याच्या तोंडापर्यंत पन्नासास एक असा चढ आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना कळतो. बोगद्याच्या आत मात्र मिडफर्डकडे शंभरास एक असा सौम्य उतार आहे. अशा रीतीने चढ ताज्या पायांनी होतो आणि शेवटचे नऊ किलोमीटर कालव्याच्या सपाटीवर पार पडतात. मिडफर्ड ते डंडास हा तुकडा तेवढा अपवाद आहे. तेथे काही अंतर अरुंद ग्रामीण रस्त्यावरून, लहान चढ-उतारांसह जावे लागते आणि वाहनांकडे लक्ष ठेवावे लागते.

८. बोगद्यात अंधार किंवा गुदमरल्यासारखे वाटते का? घड्याळातील जीपीएस चालते का?

बोगद्यात दिवे आहेत आणि ते पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेत सुरू असतात. प्रकाश मंद असतो, त्यामुळे बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर डोळे स्थिरावेपर्यंत वेग कमी ठेवावा. हवा थंड असते. उन्हाळ्यात ती सुखावते, पण घामाने भिजलेल्या अंगाला हुडहुडीही भरते, म्हणून पातळ जाकीट जवळ असलेले बरे. मोठ्या बोगद्याच्या मध्यभागी, येणाजाणाऱ्यांच्या चाहुलीने वाजणारी एक ध्वनिरचना बसवली आहे. ती अचानक ऐकून दचकणारे पुष्कळ आहेत.

गुदमरण्याची भीती आज निराधार आहे, परंतु तिला इतिहास आहे. कूम डाउन बोगद्याला मध्ये कोठेही हवेची विवरे नाहीत. १९२९ मध्ये मिडफर्डकडून चढत येणाऱ्या मालगाडीचे चालक धुराने बेशुद्ध पडले, गाडी कशीबशी चढाचा माथा ओलांडून बाथकडच्या उतारावर सुटली आणि मालधक्क्यात आदळून तिघांचा जीव गेला. धूर इंजिनाचा होता. आता इंजिने नाहीत.

जीपीएसचा संकेत आत मिळत नाही. घड्याळ पावलांवरून अंदाज बांधते किंवा दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढते. कूम डाउन बोगद्याची लांबी ठाऊक असल्यामुळे त्या टप्प्याचा वेळ हाताने नोंदवून गती काढणे हाच खात्रीचा उपाय आहे.

९. बाथ स्कायलाइन म्हणजे काय, आणि ती नवशिक्याला झेपेल का?

शहराच्या पूर्व आणि दक्षिण बाजूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी ही सहा मैलांची, म्हणजे दहा किलोमीटरांची वर्तुळाकार वाट नॅशनल ट्रस्टने आखली आहे. कुरणे, जुनी वने आणि मधूनच उलगडणारे मध-पिवळ्या दगडांचे शहर हे तिचे वैभव आहे. १७६२ च्या सुमारास उभारलेला ‘शॅम कासल’ हा नुसता दर्शनी भिंतीचा, मागे काहीही नसलेला किल्लाही याच वाटेवर आहे. शहरातून पाहणाऱ्याला डोंगरावर काहीतरी भव्य दिसावे, एवढ्याचसाठी तो बांधला गेला.

झेपण्याविषयी म्हणाल, तर चालत-धावत सर्वांनाच झेपते. सलग धावण्याचा हट्ट नवशिक्याने धरू नये. शहरातून बाथविक हिलने वर जाण्यातच निम्मी शक्ती खर्च होते. ती वाचवायची असल्यास क्लॅव्हर्टन डाउनवरील विद्यापीठाकडे जाणाऱ्या बसने माथ्यावर जावे आणि तेथून फेरी सुरू करावी. यात कमीपणा काहीच नाही. ट्रेल शूजविषयी प्रश्न १२ पाहा.

१०. वाटा खासगी शेतांतून आणि गुरांच्या कुरणांतून जातात. तेथे धावण्यास परवानगी आहे का?

इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाट खासगी जमिनीतून जात असली तरी तिच्यावरून चालण्याचा आणि धावण्याचा हक्क सर्वांना आहे. पिवळा बाण पायवाट दर्शवतो. निळा बाण असलेल्या वाटेवर घोडेस्वार आणि सायकलस्वारही येऊ शकतात. हक्क मात्र वाटेपुरताच आहे, भोवतालच्या शेताचा नाही. प्रत्येक फाटक जसे असेल तसे ठेवून जावे, म्हणजे बंद असलेले फाटक पुन्हा बंद करावे.

गाईंच्या कळपापाशी पोहोचल्यावर धावणे थांबवून चालावे आणि गाय व वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. कळपाने वाट अडवली असेल तर लांबून वळसा घ्यावा. आपली गती बिघडली म्हणून त्यांना हुसकावणे धोक्याचे आहे. प्रायर पार्कची बाग स्कायलाइनच्या अगदी जवळ असली, तरी ती नॅशनल ट्रस्टची प्रवेशमूल्य असलेली बाग आहे. आडवाट म्हणून तिच्यातून धावत जाता येत नाही. बाथॅम्प्टन डाउनवर पायवाट गोल्फच्या मैदानालगत जाते; तेथे इयरफोन काढून ठेवणे शहाणपणाचे.

११. पावसानंतर नदीकाठची वाट सुरक्षित आहे की नाही, हे कसे ओळखावे?

पल्टनी पुलाखालील बांधाकडे पाहावे. बांधाच्या वळणदार पायऱ्या स्पष्ट दिसत असतील तर नदी आपल्या जागी आहे. पायऱ्या बुजून पाणी गढूळ आणि एकसलग दिसू लागले, की नदीकाठच्या सखल वाटा टाळाव्यात, विशेषतः पुलांखालचे भाग. कालव्याची पातळी नियंत्रित असते, त्यामुळे अशा दिवशी टोपाथ हा चांगला पर्याय ठरतो. पाणी ओसरल्यावरही दगडी फरशीवर गाळाचा निसरडा थर राहतो, तेव्हा आणखी एक-दोन दिवस जपून असावे.

१२. कोणते बूट वापरावेत?

रेल्वे पाथ आणि बोगद्यांसाठी नेहमीचे रस्त्यावरचे बूट पुरेसे आहेत. टोपाथवरही ते चालतात, परंतु हिवाळ्यात काही टप्पे चिखलाचे होतात. स्कायलाइन आणि केल्स्टनच्या टेकडीसाठी (प्रश्न १३ पाहा) ऑक्टोबर ते एप्रिल या काळात खोल खाचांचे ट्रेल शूजच हवेत. तेथील ओला चुनखडी दगड साबणासारखा निसटतो.

१३. स्कायलाइन झाली. याहून अवघड काही आहे का?

कॉट्सवोल्ड वे हा चिपिंग कॅम्डन ते बाथ ॲबी असा १०२ मैलांचा राष्ट्रीय पदमार्ग येथे संपतो. तो उलट दिशेने धरून वेस्टनमार्गे केल्स्टन राउंड हिलकडे जावे. शिखरावर झाडांचा झुपका असलेली ही २१८ मीटरांची टेकडी दूरवरूनही ओळखू येते. पुढे लॅन्सडाउनच्या कडेला ‘प्रॉस्पेक्ट स्टाइल’ येथून निरभ्र दिवशी ब्रिस्टलच्या पलीकडे वेल्सपर्यंत नजर पोहोचते. ज्यांना लहान पण तीव्र चढ हवा असेल, त्यांनी बाथईस्टनहून लिटल सोल्सबरी हिल गाठावी. तिचा सपाट माथा म्हणजे लोहयुगीन किल्ल्याचे पठार असून त्याच्या कडेने फेरी मारता येते.

१४. टोपाथवर सायकली, कुत्रे आणि नावांचे दोर असतात. वाट कोणी द्यायची?

टोपाथवर प्राधान्य पायी चालणाऱ्याला आहे. धावणाऱ्याने स्वतःला सायकलीच्या जवळचे समजावे, म्हणजे प्रश्न सुटतो. मागून येताना आधी आवाज द्यावा, मग ओलांडावे. कमानी पुलांखाली वाट अरुंद होते व पलीकडचे दिसत नाही, तेथे चालण्याच्या गतीने जावे. नांगरलेल्या नावांचे दोर काठावरच्या खुंट्यांना बांधलेले असतात आणि संध्याकाळच्या प्रकाशात खुंटी दिसत नाही. अशा वेळी पाण्यापासून दूरची बाजू धरावी.

१५. हिवाळ्यात कामानंतर कोठे धावावे?

डिसेंबरमध्ये सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो. स्कायलाइन, केल्स्टन आणि शहराबाहेरचा टोपाथ अंधारात एकट्याने करू नयेत. ग्रेट पल्टनी स्ट्रीट व शहरातील दिवे असलेले रस्ते हा साधा पर्याय आहे. बोगद्यांत रात्री ११ पर्यंत दिवे असले, तरी त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेसाठी डोक्याला बांधायचा दिवा लागतो. जूनमध्ये मात्र रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

१६. येथे पार्करन आणि हाफ मॅरेथॉन कधी असतात?

क्लॅव्हर्टन डाउनवर दर शनिवारी सकाळी ९ वाजता पाच किलोमीटरांची बाथ स्कायलाइन पार्करन होते. ती निःशुल्क आहे. एकदाच नोंदणी करून मिळालेला बारकोड सोबत न्यावा लागतो; तो नसल्यास धावता येते, पण वेळेची नोंद होत नाही. मार्ग वन व कुरणांतून जात असल्याने येथे सर्वोत्तम वेळेची अपेक्षा ठेवू नये.

बाथ हाफ मॅरेथॉन १९८२ पासून होते, बहुतेक वर्षी मार्चमध्ये. टेकड्यांच्या शहरातली ही शर्यत जलद समजली जाते, कारण तिचा मार्ग परंपरेने खोऱ्याच्या तळाशी, नदीच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवरच राहत आला आहे. तिच्या सरावासाठी रेल्वे पाथ योग्य आहे, स्कायलाइन नव्हे.

१७. धावून झाल्यावर रोमन बाथ्सच्या गरम पाण्यात उतरता येते का?

नाही. तेथील पाण्याला स्पर्श करण्यासही मनाई आहे. १९७८ मध्ये त्या पाण्यातील अमीबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाला आणि स्नान बंद झाले. झऱ्यातून ४६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी रोज दहा लाख लिटरांहून अधिक वर येते. तेच पाणी प्रक्रिया करून थर्मे बाथ स्पा येथील कुंडांत वापरले जाते. ते २००६ मध्ये सुरू झाले असून तिकीट काढून तेथे उतरता येते. लांब धावणे झाल्याबरोबर मात्र गरम पाण्यात शिरू नये. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. आधी पाणी प्यावे, काही खावे आणि तासाभराने जावे.

१८. लहान मुलाची ढकलगाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन कोणता मार्ग करता येईल?

रेल्वे पाथ आणि टू टनल्सचा मिडफर्डपर्यंतचा भाग. दोन्हींवर पक्का पृष्ठभाग आणि सौम्य चढ आहे. बोगद्यात बाळाला जास्तीचे पांघरूण द्यावे. स्कायलाइनवर फाटके आणि पायऱ्या आहेत, त्यामुळे ती शक्य नाही.

१९. टोपाथवर एकटे असताना पाय मुरगळला, तर आपण कोठे आहोत हे कसे सांगावे?

कालव्यावरच्या पुलांना क्रमांक आहेत आणि ते कमानीवरील लहान पाटीवर लिहिलेले असतात. धावताना शेवटच्या ओलांडलेल्या पुलाचा क्रमांक लक्षात ठेवण्याची सवय लावावी. ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावर दूरध्वनी करताना कालव्याचे नाव, पुलाचा क्रमांक आणि आपण बाथकडून की ब्रॅडफर्डकडून येत होतो, एवढे सांगितले तरी मदत नेमकी पोहोचते. टेकड्यांवर अशा खुणा नाहीत. तेथे फोनमधील नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि अंतरे मैलांत लिहिलेली असतात हे लक्षात घ्यावे. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर.